थेसिस? तीन मिनिटांत सांग!

लग्नाची पंगत बसलेली असते. समोरचे काका पीएच.डी. करणाऱ्या पोरीला सहज विचारतात, ‘‘तू नेमकं काय करतेस गं?’’ बस्स! भल्याभल्यांची विकेट इथंच पडते. पोरगी ‘‘म्हणजे काका, सामाजिक-आर्थिक निर्धारकांचा तौलनिक...’’ असं काहीतरी सुरू करते, तोवर जिलबी येते आणि काकांचं लक्ष उडतं. पोरगीही मनातून सुटकेचा श्वास सोडते.

आपल्यासारख्या हिंजवडी जनतेला यात हसू येणार. आपण दिवसाला तीन पीपीटी ठोकतो, क्लायंटला काहीही समजावतो. पण पाच वर्षं एकाच विषयात बुडालेल्या माणसाला तो विषय आईला सांगायला लावा, मग कळतं किती जाम अवघड काम आहे ते.

यावरचा सगळ्यात हिट फंडा निघाला ऑस्ट्रेलियात, आणि तोही दुष्काळातून! क्वीन्सलँडमध्ये पाण्याची टंचाई होती. लोकांनी अंघोळ आटोपती घ्यावी म्हणून बाथरूमच्या भिंतींवर अंडी उकडताना वापरतात ती तीन मिनिटांची वाळूची घड्याळं लागली होती. तिथल्या विद्यापीठातले डीन अॅलन लॉसन यांना त्यावरून सुचलं, की अंघोळ तीन मिनिटांत होते तर थेसिस का नाही? २००८ मध्ये क्वीन्सलँड विद्यापीठात ‘थ्री मिनिट थेसिस’ स्पर्धा सुरू झाली आणि बघता बघता जगभर गेली. ८० हजार शब्दांचा प्रबंध वाचून दाखवायचा म्हटलं तर नऊ तास लागतील. इथं मिळतात तीन मिनिटं आणि एकच स्लाइड. त्या स्लाइडवर काही हलायचं नाही, उडायचं नाही. समोर बसणारे दुसऱ्याच विषयातले. त्यांना कळलं तर पास.

मी मूळची बीडची. त्यामुळे पाणी मोजून वापरायचं म्हणजे काय, हे मला कुणी घड्याळ लावून शिकवायला नको. पण टंचाईतून असंही काही निघू शकतं, हे वाचून एकदम भारी वाटलं.

आपल्याकडे काहीच नाही, असं मात्र समजू नका. महाराष्ट्रातल्या विद्यापीठांमध्ये २००६ पासून ‘आविष्कार’ भरतो. राज्यपालांच्या कार्यालयाच्या पुढाकारानं सुरू झालेली ही संशोधन स्पर्धा. कॉलेजच्या पोरांपासून पीएच.डी.वाल्यांपर्यंत सगळे आपापलं पोस्टर घेऊन उभे. भाषा, वाणिज्य, विज्ञान, शेती, इंजिनीअरिंग, औषधं असे सहा गट. आधी पोस्टर, मग स्टेजवर बोलायचं. २०१८ मध्ये केंद्राच्या विज्ञान आणि तंत्रज्ञान विभागानंही ‘अवसर’ नावाची योजना काढली होती. संशोधक विद्यार्थ्यांनी आपलं काम गोष्टीसारखं लिहायचं आणि पहिल्या नंबराला एक लाख रुपये! स्टायपेंडवर दिवस काढणाऱ्यांना हा आकडा काय वाटला असेल, विचार करा.

यात माझा फेव्हरेट हीरो मात्र चारशे वर्षांपूर्वीचा आहे आणि तो आमच्या जिल्ह्यातला आहे. अंबाजोगाईचे दासोपंत. जन्म १५५१, समाधी १६१५. गीतेवर त्यांनी ‘गीतार्णव’ लिहिला, परंपरा सांगते की सव्वा लाख ओव्यांचा. थेसिस म्हणा हवं तर. तो कोण वाचणार? पण याच माणसानं पंचीकरण, म्हणजे पाच महाभूतांपासून देह आणि जग कसं घडतं तो वेदान्तातला किचकट विषय, एका पासोडीवर लिहून काढला. पासोडी म्हणजे जाडं सुती पांघरूण. सुमारे ४० फूट लांब कापड, त्यावर ओव्या आणि आकृत्या. कापड उलगडा आणि चालत चालत वाचा! आविष्कारच्या हॉलमध्ये तीन-चार फुटांचं पोस्टर लावताना सेलोटेप शोधणाऱ्या पोरांना हे कुणीतरी सांगायला हवं. त्याच अंबाजोगाईत मुकुंदराजांची समाधी आहे. त्यांच्या ‘विवेकसिंधु’चा काळ ११८८ सांगतात. संस्कृतातलं जड तत्त्वज्ञान मराठीत आणायचा उद्योग आमच्या गावाकडे इतका जुना आहे.

आता माझ्या मामेबहिणीकडे येते. तिची समाजशास्त्रात पीएच.डी. चालू आहे. विषय ऊसतोड बायकांचं आरोग्य. बीडमध्ये राहून दुसरा विषय सुचणं कठीणच. दिवाळीच्या आगेमागे टोळ्या निघतात आणि कारखान्यांचे पट्टे बंद झाले की उन्हाळ्यात परत येतात. नवरा-बायको मिळून ‘एक कोयता’. मुकादमाकडून उचल घेतलेली. एक दिवस काम बुडलं की खाडा, त्याचे पैसे कापले जातात. पाळीचे दिवस, अंगावरून जाणं, पोटात दुखणं, यातल्या कशालाही सुट्टी नाही.

२०१९ मध्ये या सगळ्याचा स्फोट झाला. ऊसतोड बायकांची गर्भाशयं काढली जातायत, अशा बातम्या आल्या. सरकारनं डॉ. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ ऊसतोड बायकांची पाहणी झाली आणि त्यातल्या १३,८६१ जणींचं गर्भाशय काढलेलं निघालं. जिल्हा शल्यचिकित्सकांच्या परवानगीशिवाय खासगी दवाखान्यांनी हे ऑपरेशन करायचं नाही, असा नियमही लागला.

तेव्हापासून आमच्या भागात फॉर्म भरून घेणाऱ्यांची लाइन लागली. विद्यार्थी, संस्था, पत्रकार. माझी बहीण पहिल्यांदा गावात गेली, तेव्हा एका मावशीनं तिला आधी चहा दिला आणि मग सरळ विचारलं, ‘‘मागल्या साली बी एक मॅडम आल्ती. दोन तास बसून फारम भरून नेला. आम्ही सांगितल्यालं कुठं गेलं?’’

कुठं गेलं, त्याचं उत्तर खरं तर सोपं आहे. प्रबंध ‘शोधगंगा’वर जातो. देशभरातले पाच लाखांहून जास्त प्रबंध तिथं फुकट वाचता येतात. योजना उत्तमच आहे. फक्त ज्या मावशीच्या दोन तासांवर त्यातलं एखादं प्रकरण उभं राहतं, तिच्यापर्यंत ती पीडीएफ जात नाही. इंग्रजीतली तर नाहीच.

बहिणीनं ठरवलं, की सादरीकरणासाठी केलेलं पोस्टर घेऊनच गावात जायचं. मीही त्या वीकेंडला गेले. (बीड शहरात १७ सप्टेंबर २०२५ ला पहिली रेल्वे आली, त्याचं कौतुक सगळ्यांना सांगून झालंय, पण आमच्या गावाला अजून एसटी आणि मग जीप.) समाजमंदिरात वीसेक बायका जमल्या. पोस्टर झकास होतं. निळे-गुलाबी बार चार्ट वगैरे. बायकांनी बघितलं, एकीनं विचारलं, ‘‘ह्या पट्ट्या कशाच्या गं?’’ आणि सगळ्या हसल्या.

तिनं पोस्टर गुंडाळून बाजूला ठेवलं. पाच जणींना उभं राहायला सांगितलं, स्वतः सहावी उभी राहिली. मग म्हणाली, ‘‘सरकारनं मोजलं ना, ते असं निघालं.’’ आणि ती स्वतः खाली बसली. सहातली एक. (कॅल्क्युलेटर काढून बघा, ८२,३०९ भागिले १३,८६१.) खाली बसायचं ते तिनंच, हे तिनं आधीच ठरवलं होतं. कुणाकडे बोट जायला नको, कुणाला चारचौघींत सांगावं लागू नये.

हसणं थांबलं. थोड्या वेळानं मागून आवाज आला, ‘‘आमच्या गल्लीत मोजलं तर दोघी-तिघी बसतील.’’ मग बोलणं सुरू झालं ते तास-दीड तास. बहिणीनं गावाच्या आरोग्य उपकेंद्रातल्या सिस्टरना बोलावलं होतं. त्यांनी सांगितलं, की अंगावरून पांढरं जातं म्हणजे कॅन्सर नव्हे; तपासणी करायची, बहुतेकदा औषधांनी बरं होतं. पिशवीबरोबर अंडाशयंही काढली तर पाळी जाण्याचे सगळे त्रास अकाली सुरू होतात, हाडं ठिसूळ होतात. ‘‘कॅन्सर होईल’’ या भीतीपायी कर्ज काढून ऑपरेशन केलेली एक बाई हे ऐकत होती. ती काहीच बोलली नाही. जाताना तिनं सिस्टरचा मोबाइल नंबर हातावर लिहून घेतला.

सांगायचं म्हणजे, तीन मिनिटांचं घड्याळ लावलं असतं तर बहीण तिथं पहिल्याच मिनिटात जिंकली होती. पुढचे नव्वद मिनिटं तिनं फारसं काही सांगितलंच नाही, ऐकलं. या भागाला मार्क द्यायची सोय कुठल्या स्पर्धेत असते, मला माहीत नाही. तिच्या हुद्देदार परीक्षकांना ही वीस बायकांची बैठक प्रबंधात कुठं बसवायची, हा प्रश्न पडणारच आहे. तिनं ती परिशिष्टात टाकलीय.

निघताना चहावाल्या मावशींनी तिला थांबवलं. ‘‘पोरी, हे सगळं इथं ठीक हाय. तिकडं फडात असताना दुखायला लागलं तर सरकारी दवाखाना कुठं असतोय, ते बी सांग की.’’

सध्या ती तीच यादी करतेय. आमच्या भागातल्या टोळ्या ज्या कारखान्यांवर जातात, त्यांच्या आसपासची आरोग्य केंद्रं, एका पानावर, मोठ्या अक्षरात. सातारा, सांगली, कोल्हापूरची झालीत. कर्नाटकातली नावं मराठीत नीट लिहून मिळायला वेळ लागतोय, आणि टोळ्या निघायच्या आत पानं छापून व्हायला हवीत.