‘टक्’ आवाजामागचे सहा मिलिओहम

मागच्या वर्षी अलिबागच्या एका गृहस्थांकडून अकरा वर्षांची छोटी हॅचबॅक घेतली. दुसऱ्या महिन्यात तिचा क्लच जड झाला आणि तिसऱ्या महिन्यापासून ती अधूनमधून सुरूच होईना. या दोन तक्रारींचं एकमेकींशी काही नातं असेल, असं माझ्या मनातही आलं नाही.

किल्ली फिरवली की एकच ‘टक्’. पुन्हा फिरवली, पुन्हा ‘टक्’. चौथ्या खेपेला मात्र काही झालंच नाही अशा थाटात इंजिन चालू. मग आठवडाभर सगळं ठीक. गॅरेजमध्ये नेली की फारच शहाणी, कारण तिथे पोचेपर्यंत खड्ड्यांचे हादरे खाऊन आणि तापून ती सुरळीत झालेली असायची. गॅरेजवाल्याने आधी बॅटरी बदलली, मग सेल्फ, म्हणजे इंजिनला पहिली गती देणारी मोटर, उतरवून त्याचे कार्बन बदलले. ‘टक्’ जिथल्या तिथे.

हा ‘टक्’ म्हणजे काय ते बघू. सेल्फच्या पाठीवर सोलेनॉइड बसवलेला असतो. किल्ली फिरवली की त्याच्या तारेच्या गुंडाळीतून थोडा प्रवाह वाहतो, ती चुंबक बनते आणि लोखंडी दांडा आत ओढते. दांड्याच्या एका बाजूचा काटा सेल्फचं दातेरी चाक इंजिनच्या फ्लायव्हीलमध्ये अडकवतो, दुसऱ्या टोकाची तांब्याची चकती दोन जाड बोल्टांवर आपटते. तोच ‘टक्’. त्यानंतर खरा प्रवाह सुरू होतो. लहान पेट्रोल गाडीतही तो शंभर-दीडशे अँपिअर असतो, आणि थांबलेलं इंजिन हलवतानाच्या पहिल्या क्षणी त्याच्याही कितीतरी पट. घरातला मोठा गीझर दहा-पंधरा अँपिअरवर भागवतो.

एवढा प्रवाह एवढ्याशा मोटरमधून खेळवायची कल्पना चार्ल्स केटरिंग यांची. त्यांनी आधी दुकानांतल्या गल्ला-यंत्रासाठी विजेची छोटी मोटर केली होती. गल्ल्याचा खण उघडायला मोटर क्षणभरच चालते. मग तिला झेपेल त्याहून जास्त काम थोडा वेळ दिलं तर ती जळत नाही, हे त्यांनी तिथे हेरलं. तीच युक्ती 1912च्या कॅडिलॅकमध्ये सेल्फ होऊन आली आणि हँडल मारण्याचे दिवस सरायला लागले. (आपल्याकडे ते सरायला बराच वेळ लागला. अँबॅसडरच्या डिकीत हँडल असायचंच.)

बॅटरी खरोखर उतरलेली असेल, तर आवाज वेगळा येतो: टकटकटकटक. चकती बोल्टांना टेकते, मोठा प्रवाह मागितला जातो, बॅटरीचा दाब कोसळतो, चुंबक सैल पडतो, चकती सुटते. सुटली की भार गेला, दाब पुन्हा चढतो, चुंबक पुन्हा ओढतो. शाळेतली विजेची घंटा याच चक्रावर वाजते. माझा ‘टक्’ एकच होता, पण त्यातला अर्थ मला लागला नव्हता.

तो लागला नाना पेठेतल्या एका ऑटो इलेक्ट्रिशियनला. बॉनेट उघडायच्या आधीच त्याने विचारलं, “काका, टक् होतं तेव्हा हेडलाइट मंद होतात का?” होत नव्हते. म्हणजे बॅटरीत दम आहे, पण तो सेल्फपर्यंत पोचत नाही. सेल्फपर्यंत जाणारी जाड तार सगळ्यांना दिसते. परतीची वाट मात्र सहसा कुणी बघत नाही. सेल्फमधून निघालेला प्रवाह इंजिनच्या धातूतून येतो आणि तिथून ‘अर्थिंगची पट्टी’, म्हणजे तांब्याच्या तारांची विणलेली वेणी, त्याला बॉडीकडे आणि बॅटरीच्या निगेटिव्हकडे परत नेते. इंजिन आणि बॉडी यांच्यामध्ये रबराचे माउंटिंग असतात, त्यामुळे ही वेणी नसेल तर सरळ वाटच बंद.

मी मोठ्या हुशारीने म्हटलं, मल्टिमीटर ओहमवर लावून पट्टी तपासू. तो हसला. दीडशे अँपिअरचा प्रवाह असेल तर सेल्फच्या वाट्याचे 0.9 व्होल्ट खायला सहा मिलिओहम रोध पुरतो. साध्या मल्टिमीटरच्या स्वतःच्या तारांचाच रोध त्याच्या वीस-तीस पट असतो. शिवाय रोध मोजताना मीटर अगदी नाममात्र प्रवाह सोडतं. वेणीतले एक-दोन केसच शाबूत असले तरी तेवढा प्रवाह आरामात जातो आणि मीटर ‘सगळं ठीक’ म्हणतं. पुलावरून एक माणूस चालत गेला म्हणून ट्रक जाईलच असं नाही.

त्याने मीटर 20 व्होल्टच्या डीसी रेंजवर ठेवलं. एक टोक बॅटरीच्या निगेटिव्ह खांबावर (क्लॅम्पवर नाही, थेट शिशाच्या खांबावर), दुसरं इंजिनच्या उघड्या धातूवर. इंजिन चालू होऊ नये म्हणून फ्युएल पंपाचा फ्यूज काढला आणि मला सेल्फ मारायला सांगितलं. सेल्फ मस्त फिरला. मीटरवर मात्र 0.9. “दोन दशांशाच्या आसपास पाहिजे,” तो म्हणाला. मला खरी मौज इथे वाटली. गाडी त्या क्षणी निरोगी होती, तरीही दुखणं आकड्यात दिसत होतं. अधूनमधून येणारा बिघाड पकडायला तो येण्याची वाट बघत बसायची गरज नव्हती. गरज होती ती भार टाकून मोजण्याची.

सातव्या-आठव्या खेपेला ‘टक्’ झालं आणि मीटर साडेसहावर गेलं. प्रवाह शंभर अँपिअर धरला तर त्या एका सांध्यात साडेसहाशे वॅट, म्हणजे जवळजवळ इस्त्रीएवढी उष्णता. दोन धातू एकमेकांवर सपाट टेकलेले दिसले तरी ते खरे भिडतात मोजक्या सूक्ष्म उंचवट्यांवर. एवढी उष्णता आणि एखादा हादरा मिळाला की हे उंचवटे सरकतात, एखादा नवा बिंदू भिडतो आणि पुढच्या खेपेला गाडी सुरू. तिच्या लहरीपणाचं मूळ या ठिपक्यांत होतं.

मग तो म्हणाला, “आता हिला हात लावा.” क्लच वायर. चांगलीच गरम! पट्टीची वाट बुजल्यावर प्रवाहाने गिअरबॉक्सपासून पेडलपर्यंत जाणारी ती पोलादी वायर धरली होती. पोलाद तांब्याहून बरंच कमी वाहक, म्हणून ती तापायची आणि आतलं प्लास्टिकचं अस्तर मऊ होऊन चिकटायचं. क्लच जड झाला तो असा.

पट्टी सोडवल्यावर बोल्टखाली पांढरी भुकटी निघाली. गिअरबॉक्सचं कवच अ‍ॅल्युमिनियमचं, पट्टीचं टोक तांब्याचं, त्यात अलिबागची खारी हवा: दोन भिन्न धातू आणि मधे मिठाचा ओलावा म्हणजे एक छोटी बॅटरीच, आणि तिच्यात झिजतं ते अ‍ॅल्युमिनियम. त्याचं ऑक्साइड वीज वाहू देत नाही. जागा पॉलिशपेपरने चकचकीत घासली, नवी पट्टी आवळली, वर ग्रीस फासलं. मीटरवर 0.12. क्लच वायरही बदलली.

गॅरेजवाल्याने काढलेली माझी जुनी बॅटरी मोडीच्या भावात ठेवून घेतली होती. तिच्यात काही दोष नव्हता, हे आता मला माहीत आहे. त्याला बहुधा तेव्हाच माहीत असावं.