तीन आकडी पत

पाकिटात पडून राहिलेलं, वर्षभरात एकदाही न घासलेलं क्रेडिट कार्ड म्हणजे काही कर्ज नव्हे, असं दुबई-शारजात नोकरी करणाऱ्या अनेकांना वाटतं. बँकेचा हिशेब मात्र वेगळा असतो. संयुक्त अरब अमिरातीत कुणी कर्ज मागायला गेलं, की बँक त्याच्या सगळ्या कार्डांची मर्यादा जोडते आणि त्या बेरजेचे साधारण ५ टक्के दरमहा देणं म्हणून धरते. कार्ड वापरलं आहे की नाही, हा प्रश्न तिथे येतच नाही.

समजा, शारजात राहणाऱ्या एका अकाउंटंटचा पगार १२,००० दिरहम आहे. मेट्रो स्टेशनाच्या तोंडाशी, मॉलच्या दारात, कधी ऑफिसातच येऊन ‘आयुष्यभर फुकट’ म्हणून गळ्यात मारलेली तीन कार्डं त्याच्याकडे आहेत. मर्यादा २०,०००, २५,००० आणि १५,००० दिरहम, एकूण ६०,०००. अमिरातीच्या मध्यवर्ती बँकेने २०११ मध्ये केलेल्या नियमांनुसार कुणाचेही सगळे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. म्हणजे या गृहस्थाला ६,००० दिरहमची मुभा. त्यातले ३,००० तीन कार्डांनीच खाल्ले. गाडीचा हप्ता १,४०० असला, तर उरले १,६००. वैयक्तिक कर्ज पगाराच्या २० पटींपर्यंत मिळू शकतं, म्हणजे कागदावर २,४०,००० दिरहम; पण फेडीची कमाल मुदत ४८ महिन्यांची. १,६०० गुणिले ४८ म्हणजे ७६,८००, तेही व्याजासकट. वडिलांच्या शस्त्रक्रियेसाठी किंवा गावच्या घरासाठी मोठी रक्कम उभी करायला निघालेल्या माणसाची वाट इथे त्याच्याच पाकिटातली, त्याने न वापरलेली कार्डं अडवतात. यातली ४०,००० मर्यादेची दोन कार्डं बंद केली, तर महिन्याला २,००० दिरहमची जागा मोकळी होते.

हे कोष्टक २०११ पूर्वी नव्हतं. तेव्हा बँका हात सैल सोडून कर्ज देत आणि बदल्यात एक सही केलेला चेक ठेवून घेत. हा सिक्युरिटी चेक म्हणजे त्या काळच्या कर्जव्यवहाराचा कणा होता. हप्ते थांबले, की बँक चेक भरायची. तो परत आला, की पोलीस केस. २००८-०९ च्या मंदीत दुबईतल्या बांधकामांवरचे क्रेन थांबले, हजारोंच्या नोकऱ्या गेल्या आणि लोक मिळेल त्या विमानाने निघून गेले. विमानतळावर सोडून दिलेल्या गाड्यांच्या बातम्या तेव्हा जगभर छापून आल्या. त्या लोकांना सरसकट बेइमान म्हणणं अन्यायाचं होईल. नोकरी गेली, की व्हिसाही जाण्याच्या वाटेवर. हातात पगार नाही आणि कर्ज थकलं तर तुरुंग. थांबून बँकेशी बोलायला यावं, असं त्या व्यवस्थेत काहीच नव्हतं.

पुढच्या बारा-पंधरा वर्षांत हे चित्र पालटत गेलं. २०१० च्या संघीय कायद्याने पतमाहितीच्या देवाणघेवाणीचा पाया घातला. त्यावर उभी राहिलेली सरकारी मालकीची अल एतिहाद क्रेडिट ब्युरो ही संस्था २०१४ पासून अहवाल देऊ लागली. पुढे व्यक्तीचा गुणांकही आला, ३०० ते ९०० यांच्या दरम्यानचा तीन आकडी. २०१९ मध्ये व्यक्तींसाठी दिवाळखोरीचा वेगळा कायदा झाला. २ जानेवारी २०२२ पासून खात्यात पैसे नाहीत म्हणून परत आलेला चेक हा गुन्हा राहिला नाही. खात्यात असतील तेवढे पैसे बँकेने चेकधारकाला द्यायचे आणि उरलेल्यासाठी त्याने थेट वसुली न्यायालयात जायचं, अशी पद्धत आली. फसवणुकीच्या हेतूने चेक दिला किंवा खातं रिकामं करून बंद केलं, तर मात्र फौजदारी अजूनही होते. आणि देणं १०,००० दिरहमच्या वर असेल, तर धनको न्यायालयाकडून प्रवासबंदी मागू शकतो. इमिग्रेशनच्या काउंटरवर पासपोर्ट हातात घेऊन उभं असताना ‘ट्रॅव्हल बॅन’ कळणं, ही धास्ती पूर्ण संपलेली नाही.

तरीही मोठा फरक पडला आहे. पूर्वी कर्ज थकवणाऱ्याची भीती होती तुरुंगाची. आता ती नोंदीची आहे. तुरुंगवास पुसता येत नाही, नोंद मात्र सुधारता येते. अमिरातीतल्या ३५ लाखांहून अधिक भारतीयांपैकी फार थोड्यांच्या हे नीट लक्षात आलं आहे.

ही नोंद कशाकशाची होते? कर्जं आणि कार्डं तर आलीच. परत आलेले चेकही येतात, आणि घरभाडं वर्षाला चार किंवा सहा चेकने देण्याच्या इथल्या रिवाजात ही बाब साधी नाही. पगार दोन दिवस लांबला आणि भाड्याचा चेक आधी भरला गेला, तर कर्जाचा एकही हप्ता न चुकवलेल्या माणसाचा गुणांक घसरू शकतो. तिसरी नोंद मोबाइलच्या बिलाची. एतिसलात आणि डू या दोन्ही कंपन्या ब्युरोला माहिती देतात. जुनं सिम टाकून दिलं, नवीन घेतलं आणि जुन्या पोस्टपेड जोडणीचे शे-दीडशे दिरहम राहून गेले, एवढ्यावरूनही अहवालात थकबाकी दिसते. रक्कम क्षुल्लक, पण ती वर्षानुवर्षं तशीच राहते, कारण तिच्याकडे कुणाचं लक्षच जात नाही.

म्हणून सावरण्याची सुरुवात अहवाल काढण्यापासून. ब्युरोच्या अ‍ॅपवर एमिरेट्स आयडीच्या आधारे, ठरलेलं शुल्क भरून तो मिळतो. त्यात प्रत्येक खातं एकेक करून तपासायचं: आपण बंद केलेलं कार्ड अजून चालू दिसतंय का, फेडलेल्या कर्जावर शिल्लक दाखवली आहे का, आपण कधीच न घेतलेलं काही आहे का. चूक सापडली, तर दुरुस्तीचा अर्ज करायचा. मात्र ब्युरो स्वतःहून आकडे बदलत नाही. ज्या बँकेने माहिती पाठवली तिनेच ती सुधारून पाठवावी लागते. बँक दाद देत नसेल, तर मध्यवर्ती बँकेने २०२३ मध्ये सुरू केलेल्या ‘सनदक’ या तक्रार निवारण यंत्रणेकडे जाता येतं. पैसे घेऊन गुणांक ‘साफ’ करून देतो म्हणणाऱ्या एजंटांना मात्र लांबूनच नमस्कार करावा. खरी नोंद पुसण्याचा अधिकार त्यांना कुणी दिलेला नाही.

आता कार्डाचं व्याज. इथेच सर्वांत जास्त माणसं अडकतात, आणि अडकतात ती एका छोट्या चौकटीमुळे. स्टेटमेंटवर दोन रकमा छापलेल्या असतात: एकूण देणं आणि किमान देणं. किमान रक्कम बहुधा ५ टक्के असते. ती वेळेवर भरली, तर दंड नाही, वसुलीचा फोन नाही, अहवालात डागही नाही. माणूस निर्धास्त होतो. पण अमिरातीतल्या कार्डांवर व्याज महिन्याला ३ टक्क्यांच्या आसपास किंवा त्याहून जास्त असतं.

हिशेब मांडून बघू. कार्डावर २०,००० दिरहम थकले आहेत आणि आता त्यावर नवी खरेदी बंद. पहिल्या महिन्यात ६०० दिरहम व्याज चढलं, देणं झालं २०,६००. किमान ५ टक्के म्हणजे १,०३० दिरहम भरले, उरले १९,५७०. हजारावर दिरहम मोजूनही मुद्दल ४३०नेच हललं. असं बारा महिने चाललं, तर वर्षभरात सुमारे ११,००० दिरहम भरून होतात आणि देणं उरतं साधारण १५,४००. अडीच वर्षांनीही १०,४००च्या वर शिल्लक असतेच, कारण देणं कमी होतं तशी किमान रक्कमही दरमहा घटत जाते आणि फेड मंदावते. आता यात एकच बदल करू. पहिल्या महिन्यात भरलेले १,०३० दिरहम हीच रक्कम पक्की धरायची, स्टेटमेंट कमी मागत असलं तरी दरमहा तेवढेच भरायचे. तेच २०,००० दिरहम तिसाव्या महिन्यात पूर्ण फिटतात. पहिल्या हप्त्याहून एक दिरहमही जास्त लागत नाही. कर्जाच्या विळख्यातल्या माणसाला सल्ला देताना ‘खर्च कमी करा’ म्हणणं सोपं असतं. कारखान्यात सुपरवायझर असलेला, गावी दोन घरं चालवणारा माणूस आणखी काय कमी करणार? रक्कम पक्की धरणं मात्र त्याला जमू शकतं.

बिनव्याजी दिवसांबद्दलही असाच गैरसमज आहे. कार्डावर पन्नास-पंचावन्न दिवसांची सवलत मिळते, ती बिल पूर्ण भरणाऱ्याला. ५,०००च्या बिलातले ४,९०० भरले आणि शंभर राहिले, तर अनेक बँका ती सवलत काढून घेतात आणि खरेदीच्या तारखेपासून व्याज लावतात. एटीएममधून कार्डावर रोख काढली, तर सवलत मुळातच नसते. व्याज त्याच दिवसापासून आणि वर शुल्क. बहिणीच्या लग्नासाठी कार्डावरून रोख काढून ती गावी पाठवणं हा पैसे उभे करण्याच्या सर्वांत महागड्या मार्गांपैकी एक आहे.

देणं दोन-तीन कार्डांवर पसरलं असेल आणि या कार्डाचं त्या कार्डाला लावणं चाललं असेल, तर तोंड चुकवण्यापेक्षा बँकेत जाऊन बसावं. कार्डाची थकबाकी कमी व्याजाच्या हप्त्याच्या कर्जात बदलून मिळू शकते. फक्त तसं झाल्यावर ती कार्डं चालू ठेवू नयेत. कर्जाने रिकामं केलेलं कार्ड सहा महिन्यांत पुन्हा भरलं, तर दोन्ही ओझी एकाच डोक्यावर येतात. नोकरी जाण्याचीच भीती असेल, तर १ जानेवारी २०२३ पासून सक्तीचा झालेला बेरोजगारी विमा चालू आहे ना, हे बघून ठेवावं. मूळ पगार १६,००० दिरहमपर्यंत असणाऱ्याला त्याचा हप्ता महिन्याला ५ दिरहम आहे, आणि स्वतःची चूक नसताना नोकरी गेली, तर अटी पाळणाऱ्याला मूळ पगाराच्या ६० टक्के, कमाल १०,००० दिरहम, तीन महिने मिळतात. हप्ते चुकायला सुरुवात होते ती नेमकी त्याच तीन महिन्यांत.

पत अगदीच खालावली असेल आणि कुणी नवं कार्ड देत नसेल, तर बँकेत मुदत ठेव ठेवून तिच्या तारणावर छोटं कार्ड घेता येतं. त्यावर मोबाइलचं बिल किंवा पेट्रोल, एवढंच घालायचं. मर्यादेच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आत राहायचं आणि पूर्ण बिल खात्यातून आपोआप वळतं करायचं. चार बँकांत एकदम अर्ज टाकू नयेत, कारण प्रत्येक चौकशीची नोंद अहवालात होते. यात चमत्कार काही नाही. महिने जातात, नियमित भरण्याच्या ओळी वाढत जातात आणि आकडा हळूहळू वर सरकतो.

राहिला प्रश्न ‘सोडून गावी जाऊ’ या जुन्या उपायाचा. रत्नागिरी-रायगडातल्या खेड, चिपळूण, म्हसळा, श्रीवर्धन या भागांत पिढ्यान्‌पिढ्या आखाताची वाट तुडवलेली घरं आहेत आणि तिकडचं देणं तिकडेच राहतं, हा समज तिथे जुना आहे. १७ जानेवारी २०२० रोजी केंद्र सरकारने अधिसूचना काढून दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ४४-अ अंतर्गत अमिरातीला मान्यता दिली. दुबई, अबुधाबी, शारजा आणि इतर अमिरातींतल्या अधिसूचित न्यायालयांचे पैशांसंबंधीचे हुकूमनामे आता भारतातल्या जिल्हा न्यायालयात थेट अंमलबजावणीसाठी दाखल करता येतात. कर्जदाराला कायद्यातल्या हरकती घेता येतात, पण नव्याने दावा चालवण्याची गरज बँकेला राहिलेली नाही.

परतताना म्हणूनच क्रम महत्त्वाचा. राजीनामा दिल्यावर कंपनीने शेवटचा हिशेब आणि ग्रॅच्युइटी खात्यात भरली, की कर्ज असलेल्या खात्यावर बँक ते पैसे अडवू शकते, हे आधी लक्षात घ्यावं. बँकेशी त्यापूर्वीच बोलून फेडीचा तपशील ठरवावा, कार्डं लेखी बंद करावीत, सिक्युरिटी चेक परत मागावा आणि देणं नसल्याचं पत्र घ्यावं. घरभाड्याचे उरलेले चेकही घरमालकाकडून हातात घ्यावेत. मोबाइलची जोडणी सगळ्यांत शेवटी तोडावी, कारण बँकेचे ओटीपी त्याच नंबरवर येतात. आणि तिचं अंतिम बिल भरल्याची पावती जपून ठेवावी.

ठाण्या-पुण्यात घरकर्जाचा अर्ज केल्यावर अमिरातीतला गुणांक सहसा उपयोगी पडत नाही. बँक बघते ते सिबिल, आणि तिथे आखातात काढलेली दहा-बारा वर्षं कोरी असतात. परतायला दोन-तीन वर्षं असतानाच भारतीय बँकेतल्या एनआरई किंवा एनआरओ मुदत ठेवीवर छोटं कार्ड घेऊन त्याचं बिल एनआरओ खात्यातून दरमहा पूर्ण वळतं केलं, तर परतेपर्यंत तिथेही नोंदी तयार होतात. भारतातल्या चारही पतमाहिती कंपन्यांना वर्षातून एकदा संपूर्ण अहवाल फुकट द्यावा लागतो; तो दुबईत बसूनही मागवता येतो.