रात्री अकराचं टपाल

ईमेलला इंटरनेट लागतं अशी आजच्या मुलांची ठाम समजूत आहे. मी मात्र पहिली काही वर्षं जे ईमेल वापरलं, त्यासाठी आमच्याकडे इंटरनेट नव्हतंच. एक पीसी, एक मोडेम, एसटीडीची सोय असलेला फोन आणि पलीकडच्या संगणकाचा नंबर, एवढ्यावर भागायचं. आमचा पीसी रात्री मुंबईला फोन लावायचा, आपली पत्रं द्यायचा, आमची आलेली घ्यायचा आणि फोन ठेवायचा. सगळं जमून आलं तर दोन-तीन मिनिटांचं काम. जमून येणं हीच खरी भानगड होती.

नव्वदच्या दशकाची सुरुवात. पश्चिम महाराष्ट्रातल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी इलेक्ट्रॉनिक्स शिकवत होते. कॉम्प्युटर लॅब म्हणजे कॉलेजातली एकमेव एसी खोली, चपला बाहेर काढून आत जायचं. तिथला एक जुना पीसी-एक्सटी, ४.७७ मेगाहर्ट्‌झचा, नवी यंत्रं आल्यावर कुणी वापरेना. तो माझ्या वाट्याला आला.

देशात तेव्हा अर्नेट नावाचं शैक्षणिक जाळं उभं राहत होतं. १९८६मध्ये केंद्राच्या इलेक्ट्रॉनिक्स विभागाने संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या मदतीने ते हाती घेतलं. त्यात पाच आयआयटी, बंगळूरची आयआयएससी, खुद्द तो विभाग आणि मुंबईत जुहूला असलेली एनसीएसटी ही संस्था. श्रीनिवासन रमणी हे एनसीएसटीचे संचालक. देशाबाहेर जाणारी ईमेलची वाट जुहूतूनच होती. सुरुवातीला जुहू ते पवई, म्हणजे एनसीएसटी ते आयआयटी, एवढ्या अंतरावरही पत्रं साध्या फोनवरूनच गेली. तेव्हा जे सॉफ्टवेअर वापरलं त्याच जातीचं सॉफ्टवेअर आम्हाला आमच्या एक्सटीवर चालवायचं होतं.

त्याचं नाव यूयूसीपी. बेल लॅब्जमध्ये माइक लेस्क यांनी सत्तरच्या दशकात ते लिहिलं आणि १९७९च्या युनिक्सबरोबर ते जगभर गेलं. एका युनिक्स यंत्रावरची फाइल दुसऱ्यावर फोनवरून नेऊन ठेवायची आणि तिथे एखादा प्रोग्राम चालवायला सांगायचा, एवढाच त्याचा धंदा. पत्र ही फाइलच. सोबत एक छोटी चिठ्ठी जायची: ही फाइल ‘आरमेल’ या प्रोग्रामच्या हवाली करा. थेट फोन नसलेल्या यंत्राला पत्र पाठवायचं तर मधल्या यंत्रांची नावं उद्गारचिन्हांनी जोडून पत्त्यात लिहायची. एसटीच्या कंडक्टरकडे दिलेला डबा डेपोडेपोला हात बदलत जातो, तसं पत्र एकेका यंत्राच्या डिस्कवर मुक्काम करत पुढे सरकायचं.

हे सगळं युनिक्ससाठी. आमच्याकडे डॉस. डॉसवर यूयूसीपीची नक्कल करणारा ‘यूयूपीसी’ नावाचा प्रोग्राम होता आणि ड्रू डर्बीशायर या अमेरिकन गृहस्थांनी वाढवलेली त्याची आवृत्ती सोर्स कोडसकट फुकट मिळायची. ३६० केबीच्या फ्लॉप्यांवरून ती आमच्यापर्यंत आली.

सुरुवात मोडेमपासून. हेज कंपनीने १९८१मध्ये आणलेल्या मोडेमची आज्ञावली सगळ्यांनी उचलली होती: प्रत्येक आज्ञेची सुरुवात ‘एटी’ने, डायल करायला ‘डी’, टोनने करायचं तर पुढे ‘टी’. आमच्या एक्सचेंजला टोन कळत नव्हता. मग ‘टी’च्या जागी पल्सचा ‘पी’ टाकायचा आणि मोडेम जुन्या चकतीच्या फोनसारखा टकटक करत नंबर लावायचा. शून्याला दहा टकटकी. कॉलेजचा अंतर्गत बोर्ड ओलांडायला आधी एक शून्य, मग स्वल्पविराम, कारण स्वल्पविराम म्हणजे दोन सेकंद थांब. मग ०२२ आणि पुढचा नंबर. शिवाय मोडेम अमेरिकन कानांचा. आमचा डायल टोन त्याला टोनच वाटायचा नाही. ‘नो डायलटोन’ असं पडद्यावर छापून तो मोकळा. त्यासाठी ‘एक्स३’ ही आज्ञा द्यायची, म्हणजे टोनची वाट न बघता सरळ डायल कर. एसटीडी लागायला वेळ लागतो आणि मोडेम मूळ नेमणुकीप्रमाणे अर्ध्या मिनिटात आशा सोडतो, म्हणून ‘एस७’ या खणात ९० भरायचे.

मोडेम आणि पीसी यांच्यामध्ये सीरियल पोर्टची चिप असते. आमच्या एक्सटीतली ८२५० ही चिप एका वेळी एकच आलेलं अक्षर धरून ठेवू शके. २४०० बीपीएसच्या वेगाने सेकंदाला साधारण २४० अक्षरं येतात, म्हणजे दर चार मिलिसेकंदांना एक. तेवढ्यात ते उचललं नाही तर पुढचं त्याच्यावर येऊन पडतं आणि पहिलं गेलं. डॉसची स्वतःची सोय या बाबतीत निकामी होती, म्हणून यूयूपीसी डॉसला बाजूला सारून थेट चिपशी बोलायचं. अक्षर आलं की चिप प्रोसेसरला हाक मारते, त्या हाकेला इंटरप्ट म्हणतात, आणि प्रोसेसर हातातलं काम टाकून अक्षर उचलतो. पीसीवर कॉम १ आणि कॉम ३ या दोन पोर्टांची हाक एकच असते. आमचा माउस कॉम १वर आणि मोडेम जोडायचं सीरियल कार्ड कॉम ३वर बसवून आलं होतं. माउसचा ड्रायव्हर चालू असला की मोडेम मुका. कार्डावरचा जंपर हलवून ते कॉम २ केलं तेव्हा सुटलो. पुढे १६५५०ए ही सोळा अक्षरं साठवणारी चिप मिळाली आणि ९६००च्या वेगाची छाती झाली.

मग लॉगिन. फोन लागला की पलीकडचं युनिक्स यंत्र माणसाला विचारावं तसं ‘लॉगिन:’ विचारतं. आपल्या बाजूला माणूस नाही, म्हणून आधीच लिहून ठेवायचं: हे शब्द दिसले की हे उत्तर दे. जगभरचे लोक तिथे ‘लॉगिन’ पूर्ण लिहीत नसत, पहिलं एल गाळून ‘ओजीआयएन’ लिहीत. कारण तो एल कुठे मोठा, कुठे लहान, आणि फोन नुकताच जोडला गेल्यावर पहिलं अक्षर खरखरीत हमखास गारद व्हायचं.

पासवर्ड जुळला की दोन यंत्रं आपापसात बोलू लागत. पडद्यावर तो संवाद बघत बसणं हे माझं तेव्हाचं व्यसन. पलीकडून यायचं ‘एस-हिअर’, बरोबर आणि यंत्राचं नाव. एनसीएसटीच्या यंत्रांना शक्ती, साथी अशी नावं होती. आमच्याकडून आमचं नाव जायचं. उत्तर ‘आर-ओके’ आलं तर घोडं पुढे. कधी मात्र ‘आर-एलसीके’ यायचं: तुमच्याशी आधीच बोलणं चालू आहे. आधीच्या वेळी लाइन मध्येच तुटलेली असे, आमच्या लेखी फोन संपलेला, पण पलीकडच्या यंत्राला ते उमगलेलं नसे. ते आमच्या नावाची कडी लावून वाट बघत बसलेलं. मग थांबायचं आणि थोड्या वेळाने परत लावायचं. संवाद नीट संपला तर निरोपाचीही पद्धत ठरलेली: फोन लावणाऱ्याने सहा वेळा ‘ओ’ म्हणायचं, ज्याला लावला त्याने सात वेळा. सहा आणि सात का, याचं समाधानकारक उत्तर मला आजवर कुणी दिलेलं नाही.

खरी अक्कल मधल्या भागात होती. पत्र सलग पाठवलं जात नसे. चौसष्ट-चौसष्ट अक्षरांचे तुकडे करायचे, प्रत्येकाला सहा बाइटचं डोकं लावायचं, त्यात तुकड्याचा अनुक्रमांक आणि एक पडताळ्याची बेरीज. पलीकडचं यंत्र तीच बेरीज स्वतः करून बघतं. जुळली तर पोच देतं, नाही तर तो तुकडा पुन्हा मागतं. प्रत्येक पोचेसाठी थांबलं तर रात्र सरेल, म्हणून पोच येण्याआधी तीनेक तुकडे पुढे पाठवायची मुभा. चार हजार अक्षरांचं पत्र २४००च्या वेगाने वीस सेकंदांत जाई. लाइन खरखरत असेल तर त्याला दोन मिनिटंही लागत, पण जात असे, आणि पोहोचलेलं पत्र बहुधा अक्षरशः बरोबर असे. पुढे तुकड्यांच्या पोचा स्वतःच देऊन यूयूसीपीला फसवणारे टेलिबिटचे वेगवान मोडेम आले. त्यांची किंमत ऐकून आम्ही तो विषय सोडला.

एका विभागप्रमुखांचं एक पत्र मात्र दर रात्री अडकायचं. लॉग काढला तर दर वेळी त्याच तुकड्यापाशी. त्याच्या आधीची पत्रं सुखरूप, हे आलं की दोन्हीकडे शुकशुकाट आणि शेवटी फोन बंद. लाइनचा दोष म्हणावा तर लाइन काही पत्राचा मजकूर बघून बिघडत नाही. मी तो तुकडा कागदावर उतरवून हाताने बेरीज केली. बेरजेचा एक बाइट निघाला १९. संगणकाच्या वर्णमालेत १९ म्हणजे कंट्रोल-एस, अर्थात ‘थांब’. मोडेमची मूळ नेमणूक अशी की पीसीकडून कंट्रोल-एस आला तर समजायचं, पीसीला आता दम नाही, त्याला काही पाठवू नये. मोडेमने तो बाइट गिळला आणि पलीकडून येणाऱ्या पोचा रोखून धरल्या. पोच नाही म्हणून यूयूपीसीने तोच तुकडा पुन्हा पाठवला, त्यात पुन्हा तोच १९. सुटका व्हायला कंट्रोल-क्यू हवा, तो येणार कुठून? मोडेमच्या पुस्तकातून ती सवय बंद करायची आज्ञा शोधली, थांबण्या-चालण्याचे इशारे केबलमधल्या वेगळ्या तारांवर नेले आणि पत्र त्या रात्री गेलं. विभागप्रमुखांनी तोवर मजकूर टाइप करून साध्या टपालाने पाठवून दिला होता.

डॉसच्या उणिवाही आड आल्याच. यूयूसीपी आपल्या फाइलींना लांबलचक नावं देतं आणि त्यात मोठा ए वेगळा, लहान ए वेगळा. डॉसला आठ अधिक तीन अक्षरांपलीकडे नाव कळत नाही आणि मोठं-लहान हा भेद तर नाहीच. दोन वेगळ्या पत्रांची नावं एकच झाली की एक पत्र दुसऱ्याला खाऊन टाकणार. यूयूपीसीची तोड मला अजून आवडते: ते नाव म्हणजे एक भलीमोठी संख्या मानायची आणि ती डॉसला चालणाऱ्या अक्षरांच्या पायावर पुन्हा मांडायची.

आणि वेळ! पत्रावर तारीख-वेळ घालायला प्रोग्रामला आपण ग्रिनिचपेक्षा किती पुढे ते सांगावं लागतं. आपण साडेपाच तास पुढे. काही कंपायलरांच्या लायब्ररीत फक्त पूर्ण तास लिहायची सोय होती. अर्धा तास घेऊन जगणारे देश असतात हे लिहिणाऱ्याच्या गावीच नव्हतं. त्या लायब्ररीवर बांधलेला प्रोग्राम वापरला तर पत्रावरची वेळ अर्धा तास चुकीची पडणार.

फोन रात्रीच का? रात्री अकरानंतर एसटीडीचा दर पाव व्हायचा. अमेरिकेत १९८४मध्ये टॉम जेनिंग्जने हौशी लोकांसाठी फिडोनेट उभारलं, तेही याच हिशोबाने रात्रीचं जागायचं. मला रोज अकरापर्यंत थांबणं शक्य नव्हतं. यूयूपोल हा जोडप्रोग्राम ठरल्या वेळी आपणहून फोन लावायचा, पण डॉस एका वेळी एकच काम करतो, त्यामुळे संध्याकाळपासून ते यंत्र फक्त घड्याळ बघत बसे. वीज जाऊन आली तर सगळं विसरे, म्हणून यूयूपोलची ओळ यंत्र सुरू होताच चालणाऱ्या ऑटोएक्झेक फाइलीतच घातली. रात्रपाळीच्या मामांना मोडेमच्या किंकाळीची सवय व्हायला वेळ लागला. ‘मॅडम, काल लागला नाही बघा, नुसतंच टकटक केलं त्यानं,’ असा अहवाल मला सकाळी फाटकावरच मिळायचा, आणि तो लॉगशी तंतोतंत जुळायचा.

१५ ऑगस्ट १९९५ला विदेश संचार निगमने सामान्यांसाठी इंटरनेट खुलं केलं. स्वतःच्या पीसीवर पूर्ण इंटरनेट आणणारं खातं व्यक्तीला वर्षाला १५,००० रुपयांच्या घरात. विद्यार्थ्यांना पुढे ५०० रुपयांत शेल खातं मिळू लागलं. शेल खात्यात तुमचा पीसी म्हणजे निगमच्या यंत्राची नुसती खिडकी. पत्र टाइप करायचं ते फोन चालू ठेवून, वाचायचं तेही फोन चालू ठेवून, आणि लाइन तुटली तर अर्धं लिहिलेलं पत्र हातचं जाण्याची धास्ती. माझे विद्यार्थी या खात्यांवर खूश होते, आणि चित्रं नसली तरी जग समोर उघडलं होतं, तेव्हा ते साहजिकच. पण पत्रव्यवहारापुरतं बोलायचं तर मला ही पीछेहाट वाटली आणि मी ते स्टाफरूममध्ये बोलूनही दाखवलं. यूयूपीसीत पत्र दुपारी निवांत लिहायचं, खोडायचं, पुन्हा लिहायचं. आलेलं पत्र आपल्या डिस्कवर. फोनचा मीटर फिरायचा तो यंत्रं बोलत असतील तेवढाच. ज्यांनी हे रचलं त्यांनी फोन महाग आहे, लाइन खराब आहे आणि पलीकडचा बहुतेक वेळ जागेवर नसतो, हे धरूनच रचलं होतं. आमच्या गावाला ते नेमकं मापाचं बसलं. विद्यार्थ्यांना पटलं नाही. त्यांच्यातल्या एकाने मात्र शेल खात्यातली पत्रं रात्री आपोआप उतरवून पीसीवर आणणारी स्क्रिप्ट लिहिली, आणि तिच्यात लॉगिनचा शब्द पहिलं एल गाळूनच लिहिला होता.