कुसळ काढावे, पण कसे?

दुसऱ्याचा न्याय करू नका असे येशूने सांगितले, म्हणून खऱ्या ख्रिस्ती माणसाने कोणाच्याही चुकीबद्दल तोंड उघडू नये, असा समज फार पसरलेला आहे. त्यासाठी मत्तयाच्या शुभवर्तमानाचा सातवा अध्याय पुढे केला जातो. पण पहिल्या वचनाशी न थांबता पाचव्यापर्यंत वाचले, तर तिथे एक क्रम सापडतो: आधी स्वतःच्या डोळ्यातले मुसळ काढा, म्हणजे भावाच्या डोळ्यातले कुसळ काढायला नीट दिसेल. मनाई आहे ती ढोंगाला. कुसळ तसेच राहू द्या, असे येशू म्हणत नाही.

कुसळ कसे काढायचे, ते अठराव्या अध्यायात आहे. आधी एकट्याने जाऊन भेटा. त्याने ऐकले नाही तर आणखी एकदोघांना घेऊन जा. तरीही नाही, तर मंडळीला सांगा. आपण बहुधा नेमके उलटे करतो. साऱ्या गावाला कळते आणि ज्याचे चुकले त्यालाच शेवटी कळते. येशूच्या क्रमात हेतू एकच आहे, भाऊ परत मिळवणे.

शेवटची पायरी मात्र कठोर वाटते. मंडळीचेही न ऐकणाऱ्याला विदेशी किंवा जकातदार समजा, असे तिथे म्हटले आहे, आणि त्यावरून काहींनी कायमच्या बहिष्काराचा अर्थ काढला. येशू स्वतः जकातदारांशी कसा वागला? त्यांच्या पंक्तीला बसला, आणि त्यांच्यातल्याच मत्तयाला त्याने शिष्य केले. मंडळीबाहेर ठेवलेल्या माणसाचाही नाद सोडायचा नसतो, असेच मी यातून समजतो.

चूक दाखवण्याचा अधिकार फक्त वरच्यांना असतो, हाही गैरसमजच. प्रेषितांमधला प्रमुख पेत्र अंत्युखियात विदेशी बांधवांबरोबर जेवत असे. यरुशलेमहून काही जण आल्यावर तो बिचकून दूर झाला. तेव्हा पौलाने सर्वांसमोर त्याला जाब विचारला. तेराव्या शतकात धर्मपंडित थॉमस अक्वायनसने लिहिले, की चूक दाखवणे हे प्रेमाचेच कृत्य असल्याने धाकट्यानेही वरिष्ठाला सांगावे, मात्र आदराने. श्रद्धेलाच धोका असेल तर उघडपणेही. सिएनाची कॅथरीन ही कापड रंगवणाऱ्याची मुलगी. तिने आव्हिन्योंत राहणाऱ्या पोप अकराव्या ग्रेगरीला रोमला परतण्याबद्दल स्पष्ट शब्दांत पत्रे लिहिली. 1377 मध्ये ग्रेगरी रोमला परतला.

मग दिसेल त्याला टोकत सुटायचे का? तेही नाही. लोकांच्या आयुष्यात डोकावून दोष शोधत फिरू नये, आणि सांगितल्याने माणूस आणखी बिघडेल अशी चिन्हे असतील तर थांबावे, हेही अक्वायनसनेच बजावले आहे. गलतीकरांस लिहिताना पौलाने दोन अटी घातल्या: सौम्यता, आणि आपणही मोहात पडू शकतो याचे भान.

सर्वांत घातक गैरसमज 'एकांतात सांगा' या शब्दांभोवती आहे. लहान मुलावर अत्याचार झाला, की घरात किंवा संस्थेत याच वचनाचा आधार घेऊन प्रकरण आतल्या आत मिटवले जाते. वचनाचा याहून वाईट दुरुपयोग मला दिसत नाही. मत्तयातल्या पायऱ्या चुकलेल्याला परत आणण्यासाठी आहेत, गुन्हेगाराला आडोसा देण्यासाठी नाहीत. ज्या पापाने इतरांना इजा होते ते लगेच उघड करावे, एकांतातल्या शब्दाने ती इजा नक्की टळणार असेल तरच अपवाद, असे अक्वायनसचे मत होते. भारतात 2012 च्या पॉक्सो कायद्याच्या कलम 19 नुसार, मुलावरील लैंगिक गुन्ह्याची माहिती असलेल्या प्रत्येकाने ती पोलिसांना देणे बंधनकारक आहे; न दिल्यास शिक्षा होऊ शकते. 2019 मध्ये पोप फ्रान्सिस यांनीही अशा तक्रारी चर्चच्या अधिकाऱ्यांना कळवणे धर्मगुरू आणि संन्यस्तांवर सक्तीचे केले, आणि यामुळे देशाच्या कायद्याखालची जबाबदारी कमी होत नाही, हेही त्याच आदेशात नमूद केले.