नर नसताना अंडी!

गंगाखेडच्या बाजारातून आणलेले पोल्ट्रीचे अंडे कितीही दिवस उबवले तरी त्यातून पिल्लू निघणार नाही. का बरे? कारण ते घालणाऱ्या कोंबडीजवळ कोंबडा नव्हताच. अंडे तयार होणे ही एक क्रिया, आणि त्याचे फलन होणे ही निराळी. पहिलीला नर लागत नाही.

सरड्यांचेही असेच आहे. इग्वाना हा अमेरिका खंडातला मोठा हिरवा सरडा आपल्या देशातही काही लोक हौसेने पाळतात. (त्याची सरकारदरबारी नोंद करावी लागते.) एकटी ठेवलेली मादी वयात आली की एके दिवशी दोन-तीन डझन अंडी घालते आणि घरची मंडळी गोंधळून जातात. ती आजारी नसते. मात्र अंडी अफलित असली तरी त्यांचा खर्च तिच्या शरीरालाच सोसावा लागतो. आहारात कॅल्शियम कमी पडले तर ते तिच्या हाडांतून घेतले जाते. हाडे ठिसूळ होतात, पाय थरथरू लागतात. कॅल्शियम शोषले जाण्यास ड जीवनसत्त्व हवे, आणि ते बनण्यास उन्हातले जंबुपार किरण हवेत. काचेआडचे ऊन इथे उपयोगी नाही. काच हे किरण बरेचसे अडवते.

दुसरी गरज मातीची. गोदाकाठच्या कुंपणांवर मान हलवणारा आपला साधा सरडा तुम्ही पाहिलाच असेल. पावसाळ्यात त्याची मादी ओलसर जमिनीत खड्डा खणते, अंडी घालते, माती सारखी करते आणि निघून जाते. धारवाडच्या कर्नाटक विद्यापीठातील संशोधकांनी अशा माद्या मातीविना ठेवून पाहिल्या. त्यांनी अंडी घातलीच नाहीत, पोटातच धरून ठेवली! आतल्या गर्भांची वाढही एका टप्प्यावर थबकली. रानातल्या सरड्याला पावसाची वाट पाहण्यास ही सोय बरी. पिंजऱ्यातल्या मादीचा मात्र ती जीव घेऊ शकते. म्हणून तिला ओलसर माती भरलेली, शरीर मावेल एवढी खोल पेटी द्यावी. मादी सारखी खणते आहे, कण्हल्यासारखा जोर करते आहे, पण अंडी येत नाहीत आणि ती मलूल पडली, तर पशुवैद्याकडे न्यावे. पोट दाबून अंडी काढू पाहणे घातक. आत अंडे फुटते.

घातलेली अंडी अफलित आहेत हे कसे ओळखावे? ती बहुधा पिवळट पडतात, आकसतात, त्यांना बुरशी येते. फलित अंडे पाणी शोषून फुगते, आणि काही दिवसांनी अंधारात विजेरी धरली तर लालसर शिरांचे जाळे दिसते. पाहताना अंडे उलटू नये. कोंबडी अंडी फिरवते; पण सरड्याचा गर्भ कवचाच्या वरच्या बाजूस चिकटून वाढतो, उलटले तर तो मरतो.

हे वाचून घोरपड धरून आणू नका. ती पाळणे १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार गुन्हा आहे.

आता एक गंमत. नराविना घातलेले अंडे रिकामेच असते, हा नियम नेहमी खरा ठरत नाही. इंग्लंडमधील चेस्टर प्राणिसंग्रहालयात फ्लोरा नावाच्या कोमोडो ड्रॅगन मादीने २००६ साली नर कधीच न भेटता अंडी घातली आणि त्यांतून पिल्ले निघाली. सगळे नर! याउलट आपल्याकडचा वाळा. कुंडी उचलली की खाली वळवळणारा, गांडुळासारखा दिसणारा हा बारीक, बिनविषारी साप. आजवर सापडलेले वाळे बहुधा सर्व माद्याच आहेत, आणि त्यांच्या अंड्यांतून नराविनाच पुन्हा माद्या जन्मतात.