उष्टावणाची वाटी आणि रोजचा चमचा

कोल्हापुरात शाहूपुरीतल्या घरात बाळाचं उष्टावण ठरलं की पहिली फेरी सराफांच्या गुजरीत होते. मामानं चांदीची वाटी आणि चमचा आणायचा असतो. चांदीकामाची हुपरी हाकेच्या अंतरावर, त्यामुळे चांदीची पारख आपल्यालाच, असं प्रत्येक कोल्हापूरकराला वाटतं. वाटी किती ग्रॅम भरली, घडणावळ किती लावली यावर घरात तासभर बोलणं होतं. तो चमचा बाळाच्या तोंडात मावतो का, हे मात्र कुणी विचारत नाही. उष्टावण पार पडतं, फोटो निघतात, वाटी-चमचा कपाटात जातो आणि दुसऱ्या दिवशी सकाळी हाताला लागेल तो चहाचा चमचा घेऊन आई बाळासमोर बसते. खरे प्रश्न तिथून सुरू होतात.

आधी मुहूर्ताचं बोलू. मुलाचं उष्टावण सम महिन्यात आणि मुलीचं विषम महिन्यात करायची आपल्याकडे रीत आहे. जागतिक आरोग्य संघटना आणि आपल्याकडची बालरोगतज्ज्ञांची संघटना सांगतात की सहा महिने फक्त आईचं दूध, आणि सहा पुरे झाले की वरचं अन्न. तेव्हा मुलीचं उष्टावण पाचव्यात उरकण्यापेक्षा सहा महिने भरल्याबरोबर, सातवा लागताच करावं. रीतही सांभाळली जाते आणि पोटही. मुलाच्या बाबतीत मात्र आठव्यापर्यंत थांबू नये. सहा महिन्यांनंतर बाळाची लोहाची गरज एकट्या आईच्या दुधातून भागत नाही.

आता चमचा. तो निवडायचा तर बाळ खातं कसं, ते आधी बघायला हवं. जन्मापासून बाळाला एकच काम येत असतं, चोखण्याचं. तोंडात दुसरं काही आलं की जीभ ते पुढे ढकलून देते. गुदमरू नये म्हणून निसर्गानं केलेली ही सोय आहे आणि चौथ्या ते सहाव्या महिन्याच्या दरम्यान ती हळूहळू ओसरते. म्हणून पहिल्या आठवड्यात खिमट निम्मंअधिक बाहेर येतं. बाळाला ते आवडत नाही असं नाही, जिभेची जुनी सवय अजून मोडलेली नसते.

चमच्यावरून खायचं म्हणजे बाळाला तीन गोष्टी नव्यानं शिकायच्या असतात. चमचा येताना दिसला की तोंड उघडायचं, वरचा ओठ खाली आणून चमच्यावरचं पुसून घ्यायचं, आणि जिभेनं ते मागे नेऊन गिळायचं. यातली मधली गोष्ट, वरच्या ओठाची, सगळ्यात महत्त्वाची, आणि चमच्याचा आकार नेमका तिथेच आडवा येतो. आपला नेहमीचा चमचा खोलगट असतो. त्यात भरलेलं मोठ्या माणसाचा ओठ पुसून घेतो, बाळाचा ओठ तळापर्यंत पोचतच नाही. निम्मं चमच्यातच राहतं. मग आई काय करते? चमचा वर उचलून बाळाच्या वरच्या हिरडीवर निरपते. पदार्थ तोंडात पडतो, पण ओठाला काही कामच उरत नाही. काही बाळं मग चमचा दिसताच मान फिरवतात, आणि आपण म्हणतो, खाण्याची नाटकं करतोय.

म्हणून पहिला चमचा उथळ हवा, जवळजवळ सपाट. रुंदी इतकीच की बाळाच्या ओठांच्या दोन्ही कोपऱ्यांच्या आत बसेल. कडा गोल, बोट फिरवलं तर कुठेही न टोचणारी. स्वस्त स्टीलच्या चमच्यांत पत्रा कापल्याची धार कडेला तशीच राहिलेली असते, ती डोळ्यांना दिसत नाही. दुकानातच ओठावरून फिरवून बघावी. दुकानदार हसला तर हसू दे. दांडा लांब हवा, कारण या दिवसांत चमचा धरणारा हात आपला असतो.

भरवताना बाळाला मांडीवर बसतं धरावं, पाठीला आधार आणि मान सरळ. पायावर आडवं घेऊन भरवायची पद्धत अजून आहे. त्या स्थितीत पदार्थ आपोआप घशाकडे ओघळतो, गिळायची तयारी नसली तरीही, आणि श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. चमचा समोरून, ओठांच्या उंचीवर आणावा. बाळानं तोंड उघडेपर्यंत थांबावं. जिभेच्या पुढच्या निम्म्या भागावर तो हलकेच टेकवावा, खोल घालू नये. वरचा ओठ खाली येईपर्यंत क्षणभर थांबावं आणि चमचा आडवा, सरळ बाहेर काढावा. चिऊचा घास, काऊचा घास सगळं म्हणावं, पण तोंड उघडल्यावर.

चमचा आणखी एक काम करतो, ते फारसं कुणाच्या लक्षात येत नाही. अन्न पुरेसं घट्ट आहे का, हे तो सांगतो. चमचा किंचित तिरका करावा. पदार्थ लगेच ओघळला तर तो पातळ आहे, हळूहळू घसरला तर बरोबर. आपल्याकडे डाळीचं पाणी आणि भाताची पेज यांवर फार भिस्त असते. आठ किलोच्या बाळाच्या पोटात एका वेळी साधारण पाव लिटरच मावतं. ती जागा पाण्यानं भरली की पोट भरतं आणि अंगी काही लागत नाही. गुरगुट्या भात, वरण आणि तूप बोटांनी किंवा डावानं घोटून, भाजलेल्या तांदूळ-मुगाचं खिमट, नाचणीचं सत्त्व हे सगळं चमच्यावर टिकेल इतपत घट्ट असावं. सुरुवातीला दोन-तीन चमचे पुरतात. आठव्या महिन्यापर्यंत हळूहळू वाढवत २५० मिलीच्या कपाच्या निम्म्यापर्यंत जायचं, दिवसातून दोन ते तीन वेळा. चहाचा चमचा साधारण ५ मिलीचा, पण घरातले चमचे सारखे नसतात. अन्नाला अंदाज चालतो. औषध मात्र बाटलीसोबत आलेल्या मापानंच द्यावं.

उष्टावणाच्या खिरीबद्दल एक सांगून टाकतो. १८९५ मध्ये शाहू महाराजांनी वसवलेली शाहूपुरी पेठ गुळाच्या व्यापारावर वाढली, तेव्हा इथे राहून गुळाविरुद्ध बोलायचं म्हणजे धाडसच. तरीही पहिल्या वर्षात बाळाच्या वाटीत गूळ, साखर, मीठ घालू नये. खीर ओठाला लावली की विधी झाला. आणि सोन्याच्या अंगठीनं मध चाटवायचा तर अजिबात नाही. मधात बोट्युलिझमच्या जंतूंचे बीजाणू असू शकतात आणि वर्षाच्या आतल्या बाळाच्या आतड्यात ते वाढू शकतात.

जुन्या घरांत कपाटाच्या तळाशी एक बोंडलं सापडतं, चांदीचं किंवा पितळेचं. वाटीलाच पुढे चोच काढलेली असते. दूध पाजायला ते बाटलीपेक्षा केव्हाही बरं. नवजात बाळांच्या विभागांत परिचारिका अशाच चोचीच्या पात्रानं दूध पाजतात, त्याला पलाडाई म्हणतात. फरक चोचीत आहे. पलाडाईची चोच वरून उघडी, पन्हळीसारखी असते, बोटानं घासता येते. काही जुन्या बोंडल्यांची चोच मात्र बंद नळीची असते. नळीत ब्रश जात नाही, आत दुधाचा थर साचतो आणि बाहेरून भांडं लखलखीत दिसतं. तसं बोंडलं असेल तर ते आठवण म्हणून ठेवावं. शिवाय घट्ट अन्न त्यानं भरवताच येत नाही, पातळ करून ओतावं लागतं. दुधाच्या बाटलीचं छिद्र मोठं करून त्यातून नाचणी पाजणं हाही त्यातलाच प्रकार. १९९२ च्या केंद्रीय कायद्यानं दुधाच्या बाटल्या आणि बाळांच्या डबाबंद अन्नाच्या जाहिरातींवर बंदी आहे, ती उगाच नाही.

आता धातू. चांदीचा की स्टीलचा, हा प्रश्न सगळे आधी विचारतात. चमच्यापुरता तो शेवटचा प्रश्न आहे, कारण चमचा अन्नाला काही क्षण लागतो. धातूची खरी परीक्षा होते ती दूध तापवून रात्रभर ठेवतो त्या पातेल्यात. हे पुण्यातल्या संशोधनात दिसून आलेलं आहे.

विसाव्या शतकात भारतात लहान मुलांना यकृताचा एक आजार होत असे, ‘इंडियन चाइल्डहुड सिऱ्होसिस’ नावाचा. बहुतेक मुलं एक ते तीन वर्षांची. पोट फुगायचं, कावीळ व्हायची, आणि बरीच मुलं काही महिन्यांत दगावायची. यकृतात तांबं साठलेलं आढळायचं, तेही प्रचंड. हे तांबं येतं कुठून, याचा शोध पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. आनंद पंडित आणि डॉ. शीला भावे यांनी ब्रिटिश डॉक्टर स्टुअर्ट टॅनर यांच्यासोबत घेतला. आजारी मुलांच्या घरी त्यांनी बाळाला वरचं दूध कधी सुरू झालं आणि ते कशात तापवलं, कशात ठेवलं, हे विचारलं. उत्तर पितळेच्या भांड्यांकडे बोट दाखवत होतं. १९८३ मध्ये हे ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. दुधातलं केसीन हे प्रथिन तांब्याला चिकटून धरतं, म्हणून पितळेत ठेवलेलं दूध तांबं ओढून घेतं. पाण्यापेक्षा कितीतरी जास्त. त्या पितळेला कल्हई नसली आणि बाळ अगदी लहान असलं की त्याच्या यकृताला इतकं तांबं बाहेर टाकणं झेपत नाही. सगळ्याच मुलांना आजार होत नसे, आनुवंशिक कलही असावा असं मानतात. पण पितळेची जागा स्टीलनं घेतली आणि हा आजार जवळजवळ दिसेनासा झाला. ऑस्ट्रियाच्या टिरोल भागातही अशीच गोष्ट घडली होती. तिथे तांब्याच्या भांड्यांत तापवलेल्या दुधानं १९०० ते १९७४ या काळात १३८ बालकं गेल्याची नोंद आहे.

पितळेत ताक कळकतं हे आजीला ठाऊक होतं. आंबट पदार्थाची चवच बिघडते, त्यामुळे चूक लगेच कळते. दूध मात्र कळकल्यासारखं लागत नाही, तिथे जीभ फसते. सध्या पितळ आणि तांबं पुन्हा हौसेनं घरात येऊ लागलं आहे. मोठ्यांची हौस मोठ्यांनी भागवावी. बाळाचं दूध, पेज, फळाचा गर यांपैकी काहीही त्यात ठेवू नये. कल्हईवर भरवसा ठेवायचा तर ती ताजी हवी आणि कथलात शिसं मिसळलेलं नको, आणि हे दोन्ही आपल्याला घरी तपासता येत नाही.

चांदीचं काय? भरवायला हरकत नाही. चांदी अन्नात सहजी उतरत नाही. अंडं किंवा हिंग लागला की काळी पडते, तो गंधकाचा परिणाम आहे, विष नव्हे. चांदीत जंतू मरतात म्हणून नुसती विसळून ठेवायची सवय मात्र वाईट. वाटी विकत घेताना तिच्या आत बघा. बाळाचं नाव, वेलबुट्टी, गणपती हे सगळं बाहेरून कोरलेलं चालेल. आतून कोरलं असेल तर त्या रेघांत खिमट अडकतं, वर चांदी उजळायची पावडर बसते, आणि ते दोन्ही पुढच्या घासाबरोबर पोटात जातं. चमच्याच्या दांड्याचा जोड पुढच्या टोकापासून लांब असावा, शक्यतो जोड नसलेलाच घ्यावा. हॉलमार्क मागून घ्यावा, ९२५ म्हणजे हजारात ९२५ भाग चांदी. जर्मन सिल्व्हरमध्ये चांदी नावालाही नसते. ते तांबं, निकेल आणि जस्त यांचं मिश्रण, ते बाळाच्या तोंडात नको.

रोजच्याला स्टीलच. पण लोहचुंबक घेऊन भांड्यांच्या दुकानात जाणाऱ्यांनी जरा थांबावं. चिकटलं नाही म्हणजे चांगलं स्टील, हे अर्धंच खरं. ३०४ प्रतीच्या स्टीलला, ज्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं, चुंबक सहसा चिकटत नाही. पण निकेल कमी करून मँगनीज घातलेल्या स्वस्त २०२ प्रतीलाही तो चिकटत नाही. म्हणजे त्या चाचणीनं हवा तो फरक कळतच नाही. त्यापेक्षा वाटी-पातेल्यांवर आयएसआयची खूण बघावी. केंद्र सरकारनं २०२४ मध्ये स्टीलच्या भांड्यांना ती सक्तीची केली, त्याचं मानक आयएस १४७५६. स्टीलचा एकच दोष, चटकन तापतं. गरम वाटीत बुडवून ठेवलेला चमचा अन्नापेक्षा आधी ओठाला चटका देतो. मनगटावर टेकवून बघावा, स्वतःच्या तोंडात घालून नव्हे. दात किडवणारे जंतू आईच्या तोंडातून बाळाकडे असेच जातात.

सिलिकॉनचे मऊ चमचे दात येताना हिरड्यांना सुखाचे असतात. बाळ चावून त्याचा तुकडा काढू शकतं, म्हणून रोज ताणून बघावं, चिरलेला दिसला की फेकावा. रंगीबेरंगी मेलामाइनच्या ताटल्या गरम आणि आंबट पदार्थांना नकोत. रंगवलेल्या मातीच्या वाट्याही नकोत, मग त्या शाहूपुरीच्या कुंभार गल्लीतून आणलेल्या का असेनात. तिथून गणपती आणावा.

वाटी रुंद बुडाची, उभ्या काठाची असावी. काठ उभा असला की चमच्यावर घास चढतो, पसरट बशीत तो निसटत राहतो. खाऊन झाल्यावर उरलेलं टाकून द्यावं, कारण चमच्याबरोबर लाळ वाटीत गेलेली असते. भांडी साबणानं, गरम पाण्यानं धुवावीत आणि पालथी घालून वाळू द्यावीत. फडक्यानं पुसू नयेत, स्वयंपाकघरात फडक्याइतकं मळकं दुसरं काही नसतं.

आठव्या-नवव्या महिन्यात एक दिवस बाळ चमचा हिसकावून घेतं. तेव्हा दुसरा चमचा काढावा, आखूड आणि जाड दांड्याचा. एक त्याच्या मुठीत द्यायचा आणि एक आपल्या हातात ठेवायचा. त्याचा चमचा बहुतेक वेळा जमिनीवर, कधी कानात, कधी वाटीत जाईल. लाळेरं मोठं बांधावं, खाली जुनं वर्तमानपत्र पसरावं. याच सुमारास मिक्सर बंद करावा. दहाव्या महिन्यापर्यंत बारीक गाठी असलेलं, बोटानं चिरडता येईल असं अन्न मिळालं नाही तर पुढे काही मुलं चावायला कुरकुरतात. पाणी लहान फुलपात्रातून, दोन घोट मावतील इतकंच भरून, काठ खालच्या ओठावर टेकवून पाजावं.