खर्जाकडे निघालेली गिटार

आठ तारांच्या इलेक्ट्रिक गिटारची सगळ्यांत जाड तार मोकळी छेडली, तर ती सेकंदाला साधारण 46 वेळा कंप पावते. सहा तारांच्या नेहमीच्या गिटारचा सर्वांत खालचा स्वर 82 हर्ट्‌झचा आणि बास गिटारचा 41 हर्ट्‌झचा. म्हणजे ही गिटार थेट बासच्या हद्दीजवळ पोचते, मध्ये जेमतेम एका पूर्ण स्वराचं अंतर उरतं. 2007 साली इबानेझ या जपानी कंपनीने असं वाद्य नियमित उत्पादन म्हणून बाजारात आणलं. मेटल वाजवणाऱ्यांना खालचा, आणखी खालचा स्वर हवा होता आणि तारेचं भौतिकशास्त्र तो सुखासुखी देत नव्हतं. या दोहोंमधली ओढाताण समजून घ्यायला इबानेझइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं दिसत नाही.

नाव मात्र जपानी नाही. नागोयातल्या होशिनो या पुस्तकांच्या दुकानाने 1908 मध्ये वाद्यविक्रीचा विभाग काढला, तोच पुढे होशिनो गाक्की म्हणून ओळखला जाऊ लागला. 1929 पासून त्यांनी स्पेनमधल्या साल्व्हादोर इबान्येझ यांच्या नावाच्या गिटार मागवायला सुरुवात केली. पुढे स्वतः गिटार बनवू लागल्यावर तेच नाव त्यांनी घेतलं. सत्तरच्या दशकात कंपनीची ओळख झाली ती अमेरिकी गिटारींच्या हुबेहूब नकला करणारी म्हणून. अखेर 1977 मध्ये गिब्सन या अमेरिकी गिटार कंपनीची मालक नॉर्लिन हिने इबानेझच्या अमेरिकेतल्या वितरक कंपनीवर फिलाडेल्फियाच्या न्यायालयात दावा लावला. वाद गिटारच्या डोक्याच्या, म्हणजे खुंट्या बसवलेल्या भागाच्या आकाराचा होता. पुढच्याच वर्षी तो न्यायालयाबाहेर मिटला. या नकलांकडे नाक मुरडून पाहणारे बरेच आहेत, पण मला ती उमेदवारीची वर्षं वाटतात. दुसऱ्याचं वाद्य मिलिमीटरच्या हिशेबात मोजून पुन्हा घडवता घडवता मात्सुमोतोच्या फुजीगेन कारखान्यातल्या कारागिरांचा हात बसला होता.

खरी कलाटणी 1987 मध्ये मिळाली. स्टीव्ह वाय या अमेरिकी वादकाच्या मागण्या ऐकून इबानेझने ‘जेम’ हे मॉडेल काढलं आणि त्याच साच्यातली, कमी झगमगाटाची ‘आरजी’ मालिकाही. चोवीस फ्रेट, अगदी पातळ नेक, आणि दोन्ही टोकांना तारा आवळून धरणारा तरंगता ब्रिज. हा ब्रिज जवळून पाहण्यासारखा आहे. एका बाजूला तारांचा ओढा, दुसऱ्या बाजूला पाठीमागच्या खाचेत लपवलेल्या स्प्रिंगांचा ओढा, आणि मधोमध दोन खिळ्यांवर धारेने टेकलेली धातूची पट्टी. ब्रिजला जोडलेला दांडा खाली दाबला की पट्टी पुढे कलते, तारा सैल पडून अक्षरशः लोंबतात. दांडा सोडला की सगळं पूर्वपदावर. साध्या गिटारवर असं केलं तर तार नटच्या, म्हणजे नेकच्या टोकाच्या पट्टीच्या, खाचेत अडकते आणि सूर बिघडतो. फ्लॉइड रोझ यांनी सत्तरच्या दशकात यावर तोडगा काढला: नटपाशीच तार स्क्रूने जखडून टाकायची, म्हणजे घर्षणाला वावच नाही. इबानेझने त्याच तत्त्वावर आपला ‘एज’ ब्रिज घडवला. जेमच्या अंगात ब्रिजच्या मागे खोलगट जागा कोरलेली असते. तिच्यामुळे दांडा वरही ओढता येतो आणि स्वर चढवता येतो.

वायच्याच आग्रहातून 1990 मध्ये सात तारांची ‘युनिव्हर्स’ आली. सातवी तार 62 हर्ट्‌झची. वायला तिच्यात विस्तार दिसला होता. कॅलिफोर्नियाच्या ‘कॉर्न’ या बँडला वजन दिसलं. 1994 च्या पहिल्या अल्बममध्ये त्यांनी ती तार आणखी एक पूर्ण स्वर उतरवून 55 हर्ट्‌झवर आणली, आणि मेटलचा नादच बदलला.

इथे मर्सेन या फ्रेंच पाद्र्याला बोलावलं पाहिजे. 1636 मध्ये छापलेल्या ग्रंथात त्याने तारेचे नियम मांडले: कंपनांची संख्या लांबीच्या व्यस्त प्रमाणात, ताणाच्या वर्गमुळाच्या प्रमाणात, आणि दर सेंटिमीटर वजनाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात. नेहमीच्या गिटारची 0.046 इंची जाड तार 82 हर्ट्‌झला लावली की तिच्यावर साधारण 8 किलो वजनाइतका ताण असतो. तीच तार 46 हर्ट्‌झपर्यंत उतरवली तर ताण अडीच किलोवर येतो. अशी तार फ्रेटवर खडखडते. शिवाय जोरात छेडली की क्षणभर जास्त ताणली जाते, स्वर चढा निघतो आणि मग खाली घसरतो. मग जाड तार लावावी? ताण टिकवायचा तर ती 0.08 इंचाच्या पुढे न्यावी लागते. इतकी जाड तार सळईसारखी ताठ वागू लागते, तिचे उपस्वर मूळ स्वराच्या पूर्ण पटींत राहत नाहीत, आणि आवाज गढूळ होतो.

उरते ती लांबी. म्हणूनच 2007 च्या त्या गिटारमध्ये तारेची मोकळी लांबी साडेपंचवीसवरून 27 इंचांवर गेली. दीडच इंच, पण तीच तार तोच स्वर देताना 12 टक्के जास्त ताण धरते. स्वीडनच्या ‘मेशुगा’ या बँडने 2002 चा ‘नथिंग’ अल्बम सात तारांच्या गिटार उतरवून वाजवला होता. 2006 मध्ये गिटारचे भाग आठ तारांवर पुन्हा वाजवून तो नव्याने काढला. पुढे इबानेझने त्यांच्या नावाने 29.4 इंच लांबीचं मॉडेल केलं.

एवढं करूनही गिटारच्या स्पीकरमधून 46 हर्ट्‌झ फारसे बाहेर पडतच नाहीत. 80 हर्ट्‌झच्या आसपासच त्याचा जोर ओसरू लागतो. तरी खर्ज ऐकू येतो, कारण 92, 139, 185 हर्ट्‌झचे उपस्वर पोचले की त्यांचा पाया कुठे असावा हे आपला मेंदू स्वतःच जुळवतो. डिस्टॉर्शन हे उपस्वर मुबलक पुरवतं: अ‍ॅम्प्लिफायर कंपनाचे शेंडे छाटतो आणि त्या छाटणीतून नवे स्वर जन्मतात. मिरजेचे कारागीर तानपुऱ्याची जवारी लावताना घोडीच्या उतारावर तार टेकवून-सोडवून उपस्वरांची हीच श्रीमंती मिळवतात, वीज न वापरता.

मेटलमधली पॉवर कॉर्ड म्हणजे नुसता षड्ज-पंचम. 82 आणि 124 हर्ट्‌झ डिस्टॉर्शनमधून एकत्र गेले की त्यांच्या वजाबाकीचा, 41 हर्ट्‌झचा स्वरही निर्माण होतो, आणि तो असतो मंद्रातला षड्जच. त्यात गंधार मिसळला की वजाबाक्या 21 आणि 20 अशा जवळपासच्या, पण न जुळणाऱ्या येतात आणि सगळा चिखल होतो. मेटलच्या वादकांनी गंधार गाळला तो कानाच्या निवाड्याने; गणित त्याच निवाड्याला दुजोरा देतं.

लांब नेकने बारीक तारांची मात्र पंचाईत केली. ठरलेल्या लांबीवर तार कोणत्या स्वराला तुटणार हे तिच्या जाडीवर अवलंबून नसतं: पातळ तारेला ताण कमी लागतो, पण तिची ताकदही तितकीच कमी. लांबी वाढली की वरचा स्वर त्या मर्यादेच्या जवळ सरकतो. म्हणून इबानेझच्या अलीकडच्या काही मॉडेलांत फ्रेट तिरके, पंख्यासारखे पसरलेले दिसतात. खर्जाच्या बाजूला 27 इंचांहून थोडी जास्त लांबी, बारीक तारेला साडेपंचवीस. पियानो आणि हार्प प्रत्येक तारेला तिची तिची लांबी केव्हापासून देत आले आहेत. गिटारला ते जमवताना अडचण एकच, डाव्या हाताच्या बोटांना तो तिरकेपणा पेलला पाहिजे.